लोकर पिंजून इतिहास कळतो का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही गेली काही वर्षे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात, वूस्टर शहराजवळ राहतो. मुलगी १० वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. गेल्या वर्षापासून दोघांनाही आम्ही घरीच शिकवतो. जवळच्या ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेज या जुन्या गावाच्या संग्रहालयात घरी शिकणाऱ्या मुलांसाठी खास दिवस असतात आणि त्या दिवशी मुलांना जुन्या काळची कामे स्वतःच्या हाताने करायला मिळतात, असे कळले. परंतु मन साशंक आहे. मागे दुसऱ्या राज्यातल्या अशाच एका ठिकाणी मुलांनी वात चार वेळा वितळलेल्या मेणात बुडवली, तयार झालेली मेणबत्ती घेऊन ती घरी आली आणि विषय तिथेच संपला. अशा उपक्रमातून इतिहास म्हणावा असे काही हाती लागते का? लागत असेल, तर शाळा-अधीक्षकांना द्यायच्या अहवालात ते कसे मांडावे? आम्ही शाकाहारी आहोत, तर चुलीवरच्या स्वयंपाकाच्या वर्गाला मुलांना बसवावे का? आणि शेवटचा प्रश्न माझ्या सासूबाईंचा आहे : हा त्यांचा इतिहास, आपल्या मुलांना त्याचे काय?

— एक आई, वूस्टर

उत्तर : तुमची मेणबत्तीची हकीकत वाचून वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. चार वेळा बुडवलेली मेणबत्ती ही घरी नेण्याची वस्तू झाली. ज्या घरात हिवाळाभर पुरतील एवढ्या मेणबत्त्या एकाच दिवसात करून ठेवाव्या लागत, आणि त्याही बहुधा कापलेल्या जनावराच्या चरबीच्या, त्या घरातल्या बाईचा तो दिवस कसा गेला असेल याचा पत्ता त्या मेणबत्तीतून लागत नाही. वेळ, श्रम आणि टंचाई या तीन गोष्टी मुलाच्या अंगाला लागल्या, तरच हाताने केलेल्या कामातून इतिहास कळतो. त्या वगळल्या की उरते ती हस्तकला; तीही चांगलीच गोष्ट आहे, पण ती इतिहासाच्या वहीत मांडू नये.

स्टर्ब्रिजला मात्र जरूर जा, असे मी निःशंकपणे सांगेन. वेल्स कुटुंबाचा जवळच्या साउथब्रिज गावात चष्म्यांचा मोठा कारखाना होता. त्या घरातल्या भावांना जुनी हत्यारे, भांडी आणि घड्याळे जमवण्याचा छंद होता आणि त्या संग्रहातून हे गाव उभे राहिले. १९४६ सालच्या जून महिन्यात ते लोकांसाठी खुले झाले. साधारण १७९० ते १८४० या काळातले न्यू इंग्लंडमधले, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांमधले, खेडे तिथे मांडलेले आहे. चाळीसहून अधिक इमारतींपैकी बहुतेक खऱ्या जुन्या आहेत आणि वेगवेगळ्या गावांमधून उचलून आणून पुन्हा उभारलेल्या आहेत : शाळा न्यू हॅम्पशायरमधल्या कँडिया गावची, दुकान व्हरमाँटमधल्या डमरस्टनचे, कुंभाराची कार्यशाळा कनेटिकटमधल्या गोशेनची, आणि छापखान्याची इमारत तर तुमच्याच वूस्टरची. दळणाची गिरणी, लाकूड कापण्याची गिरणी आणि लोकर पिंजण्याची गिरणी अशा पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या तीन गिरण्या तिथे आहेत. मी त्या भागात काही वर्षे राहत होते, तेव्हा भाचीला घेऊन अनेकदा तिथे गेले. तुम्हाला जे सांगणार आहे त्यातले बरेचसे तिच्याकडूनच शिकलेले आहे.

ती तेव्हा ९ वर्षांची होती. एका खोलीत तिच्या हातात लोकर पिंजायच्या दोन फण्या दिल्या. फणी म्हणजे मुठीची लाकडी फळी आणि तिच्यावर बारीक वाकड्या तारांचे दात. एका फणीवर लोकर पसरायची आणि दुसरी तिच्यावरून ओढायची. पहिल्या पाच मिनिटांत तिने सगळ्या लोकरीच्या गुठळ्या करून टाकल्या. हाताला मेंढीच्या अंगचा तेलकट वास येऊ लागला, तो तिला मुळीच आवडला नाही. शिकवणाऱ्या बाईंनी काही न बोलता तिचे मनगट धरून थोडेसे वळवले, आणि दातांवर दात न आपटता फण्या एकमेकींवरून हलकेच सरकू लागल्या. अर्ध्या तासाने तिच्या हातात अंगठ्याएवढा जाड, ठिकठिकाणी पोकळ असा एक पेळू, म्हणजे कातण्यासाठी पिंजलेल्या लोकरीची वळी, होता. एका पायमोज्याला असे किती पेळू लागतील, हे तिने विचारले. बाईंनी आकडा सांगितला नाही. सूत कातायच्या मोठ्या चाकाशी नेऊन तो पेळू तिला कातायला लावला. ते चाक बसून चालवता येत नाही. एका हाताने चाक फिरवत मागे मागे जायचे आणि सूत गुंडाळताना पुन्हा पुढे यायचे, असे दिवसभर चालतच राहायचे असते. पेळू दोनदा तुटला. शेवटी जेमतेम एक हात सूत निघाले, तेव्हा तिने आपल्या पायांतल्या मोज्यांकडे बराच वेळ पाहिले.

त्यानंतर आम्ही लोकर पिंजण्याच्या गिरणीत गेलो. पाण्याच्या चाकावर फिरणाऱ्या दातेरी रुळांतून एकसारखे पेळू बाहेर येताना पाहून ती अक्षरशः ओरडली. शेतकरी बाई आपली कातरलेली लोकर अशा गिरणीत पाठवत असे, मोबदला देऊन पेळू घरी आणत असे आणि सूत मात्र घरीच कातत असे, असे गिरणीवाल्याने सांगितले. यंत्रयुग म्हणजे एका दिवसात कारखान्यांची धुराडी उभी राहिली असे नव्हे, तर घरातल्या दहा कामांपैकी एक सर्वांत कंटाळवाणे काम आधी घराबाहेर गेले, मग दुसरे गेले, मग कातणेही गेले, आणि अखेरीस मुलीही त्या कामांमागून गिरण्यांच्या शहरांत गेल्या, हे समजावायला मला एरवी कितीतरी पाने लागली असती. तिला ते मनगटातून समजले होते, म्हणून मला दोनच वाक्ये बोलावी लागली.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की एका भेटीत एकच काम निवडा आणि ते आरंभापासून शेवटपर्यंत होऊ द्या. अशा दिवशी मुलांना वयोगटाप्रमाणे निरनिराळ्या कामांना बसवतात आणि पालकांना सगळे काही करून घ्यावेसे वाटते, हे मी समजू शकते. एवढे लांब जायचे, प्रवेशमूल्य भरायचे आणि मूल एकाच खोलीत बसणार. तरीही मोह आवरा. मुलीला लोकर, नाहीतर छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवणे. मुलाला शाळा किंवा माती. सात वर्षांच्या मुलाला लोहाराच्या भट्टीचे वेड असणारच, पण त्या वयात भाता, ऐरण आणि सांडशी यांचे काम लांबूनच पाहिलेले बरे. जाण्याआधी आठवडाभर घरी तयारी करा. सासूबाईंनी किंवा त्यांच्या आईने टकळीवर सूत कातले असेल, तर ती आठवण मुलीला त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. लिहायला पाटी असल्याच्या आठवणी तर त्यांच्याकडे नक्की असतील. त्या ऐकून गेलेला मुलगा कँडियाच्या शाळेत बाकावर बसला की त्याला जास्त दिसेल. त्या एका खोलीच्या शाळेत सगळ्या वयांची मुले एकत्र बसत, मोठ्या मुलांना शेतीच्या कामातून मोकळीक मिळे ती हिवाळ्यात, म्हणून त्यांची शाळा हिवाळ्यात आणि लहानग्यांची बहुधा उन्हाळ्यात भरे. घरी शिकणाऱ्या मुलाला ही गोष्ट फार जवळची वाटते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी सूचना प्रश्न विचारण्याबद्दल आहे. स्टर्ब्रिजमधली माणसे जुन्या पोशाखात असली, तरी बोलतात आजची माणसे म्हणूनच. त्यामुळे ‘हे तुम्हाला कसे कळले?’ असा प्रश्न त्यांना विचारता येतो, आणि इतिहास शिकणाऱ्या मुलाने विचारावा असा याहून चांगला प्रश्न नाही. उत्तरात दुकानदारांच्या खातेवह्या येतील, रोजनिशा येतील, माणूस वारल्यावर न्यायालयासाठी केलेली घरातल्या वस्तूंची यादी येईल. गोशेनचा कुंभार हर्वी ब्रुक्स याच्याबद्दल एवढे सांगता येते, कारण त्याने आपल्या व्यवहाराच्या वह्या लिहून ठेवल्या. तो मुळात शेतकरी होता आणि शेतीतून सवड मिळेल तेव्हा मडकी करत असे. घरी आल्यावर मुलीला आपल्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या वस्तूंची अशी यादी करायला सांगा, आणि दोनशे वर्षांनी ती कुणाच्या हाती लागली तर आपल्याविषयी त्याला काय कळेल आणि काय कळणार नाही, यावर एक पान लिहायला सांगा. पुढे कधी तुमच्याच राज्यातल्या प्लिमथ पटक्सेट या अशाच संग्रहालयात जाल, तेव्हा तयारी वेगळी लागेल : तिथल्या इंग्रज वस्तीतली माणसे स्वतःला १६२७ सालचे रहिवासी समजून बोलतात आणि त्यानंतरचे काहीही त्यांना ठाऊक नसते, तर शेजारच्या पटक्सेट वस्तीत मूळ रहिवासी समाजातली माणसे आजच्या भाषेत, स्वतःच्या नावाने बोलतात. हा फरक मुलांना आधी सांगितला नाही, तर ती गोंधळतात.

तिसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अशी गावे दिसायला फार सुंदर असतात. हिरवळ, पांढरे प्रार्थनाघर, लाकडी पूल, धुराचा वास हे सगळे पाहून मुलांनाच काय, मोठ्यांनाही तो काळ गोड वाटू लागतो. तिथे जे दिसत नाही, ते दाखवणे हे घरी शिकवणाऱ्या आईवडिलांचे काम आहे. ही जमीन निपमक या मूळ रहिवासी लोकांची होती. आणि ते लोक नाहीसे झाले नाहीत, त्या काळातही टोपल्या विणून गावोगाव विकत होते आणि आजही त्याच राज्यात आहेत. चांभाराच्या दुकानात गेलात, तर हे जोडे कुणासाठी होते, असे मुलीने जरूर विचारावे. मॅसॅच्युसेट्समधून गुलामगिरी १७८० च्या दशकातल्या न्यायालयीन निकालांनी गेली, पण तिथल्या खेड्यांत शिवलेले स्वस्त जाडेभरडे जोडे दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलामांच्या पायांत जात होते आणि तिथल्या गिरण्यांत कातला जाणारा कापूस त्याच गुलामांनी वेचलेला होता. दहा वर्षांच्या मुलीला हे सांगता येते. ज्या मुलीने तासभर स्वतः राबून पाहिले आहे, तिला दुसऱ्याच्या राबण्याबद्दल सांगणे उलट सोपे जाते.

शाकाहाराचा प्रश्न थोडक्यात. चुलीवरच्या वर्गात मक्याच्या पिठाची भाकरीसारखी पोळी, ताकातून काढलेले लोणी, भोपळा, सफरचंद अशा गोष्टी असू शकतात, पण त्या काळी डुकराची चरबी सर्रास वापरत, म्हणून नाव नोंदवतानाच विचारून घ्या. मुलांना सुती कपडे आणि बंद जोडे घाला, मुलीचे केस घट्ट बांधा, कारण काम उघड्या आगीजवळ असते. इमारतींत थंडी असते. उपक्रमांच्या तारखा आणि वयाच्या अटी हंगामाप्रमाणे बदलतात, त्या आधी पाहून घ्याव्यात.

अहवालाबद्दल. तुमच्या राज्यात ६ ते १६ वर्षांच्या मुलांना घरी शिकवण्यासाठी आधी मंजुरी घ्यावी लागते, आणि ती देताना शालेय अधिकाऱ्यांनी काय पाहावे हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालच्या एका निकालात सांगितले आहे : पालकांची शिकवण्याची क्षमता, विषय, तास, साहित्य आणि प्रगती तपासण्याची पद्धत. अमेरिकेचा इतिहास हा सक्तीच्या विषयांपैकी आहे, तेव्हा ही भेट सहलीच्या नव्हे, इतिहासाच्याच रकान्यात मांडा. तारीख, निवडलेले काम, आधी काय वाचले, मुलाने विचारलेले तीन प्रश्न आणि मिळालेली उत्तरे, नंतर लिहिलेले पान, आणि काम करतानाचे एखादे छायाचित्र, एवढे एका कागदावर मावते. तो तुटका पेळूही पाकिटात घालून जोडा. मी जोडला असता.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते, कारण तो प्रश्न खरा आहे आणि त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. मुले त्या मातीत वाढत आहेत, म्हणून तो इतिहास त्यांचाही आहे, हे एक उत्तर झाले. पण सासूबाईंना सांगण्याजोगे दुसरेही उत्तर आहे. स्टर्ब्रिजच्या दुकानात जा आणि फळीवरच्या मालातला कुठला आशियातून आला असेल, हे मुलांना शोधायला लावा. चहा, मसाले, नीळ या वस्तू त्या काळी न्यू इंग्लंडच्या बंदरांतून आत खेड्यांपर्यंत पोचत होत्या. उलट दिशेने १८३३ साली बॉस्टनहून बर्फ भरलेले जहाज कलकत्त्याला गेले, आणि पुढे मुंबई-मद्रासलाही त्या तळ्यांमधला बर्फ येऊ लागला.

मग प्रार्थनाघरात बसा. अशा प्रार्थनाघरांतून परदेशी धर्मप्रसारासाठी वर्गणी गोळा होत असे आणि त्यातली काही मुंबईला येत असे. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेले धर्मप्रसारक गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरले आणि पुढे काही वर्षांतच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात मराठी मजकूर छापला जाऊ लागला. गणपत कृष्णाजी हे याच छापखान्यात काम शिकले, आणि त्यांनी मुंबईत स्वतःचा छापखाना काढून १८३१ साली मराठी पंचांग छापले. तुमच्या वूस्टरहून आणलेल्या छापखान्यात खिळे हातात घेताना मुलीला हे माहीत असावे. आणि शाळेत बसलेल्या मुलाला सांगा की याच न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मार्लबरो गावची सिंथिया फरार नावाची शिक्षिका १८२७ साली मुंबईला आली, पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली आणि मुलींच्या शाळा चालवत राहिली. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले ते तिच्याकडे. ही मंडळी धर्मप्रसारासाठी आली होती, हेही मुलांपासून लपवू नका. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मुलांना कळते. सासूबाईंना जमत असेल तर त्यांनाही बरोबर न्या, आणि शाळेच्या बाकावर नातवाशेजारी बसवून ही हकीकत त्यांनाच सांगू द्या.

प्रश्न : आम्हीही मुलीला घरी शिकवतो, पण नाशिकला. परदेशातल्यासारखे काही आपल्याकडे आहे का?

— एक वाचक, नाशिक

उत्तर : पाहण्यासाठी कोल्हापूरजवळ कणेरीच्या सिद्धगिरी मठातले ग्रामजीवनाचे संग्रहालय चांगले आहे, बलुतेदारांची कामे तिथे पुतळ्यांमधून फार तपशिलाने उभी केलेली आहेत. पण पुतळ्याचे मनगट मुलीचे मनगट वळवू शकत नाही. हाताने काही करायचे असेल, तर चेन्नईच्या दक्षिणेला मुट्टुकाडू येथे १९९६ साली सुरू झालेल्या दक्षिणचित्रला सवडीने जा. दक्षिणेतल्या राज्यांमधली जुनी घरे तिथे आणून उभारली आहेत आणि कारागीर काम करत असतात. भोपाळच्या मानव संग्रहालयातली आदिवासी घरेही पाहावीत, कारण ती बांधायला त्या त्या समाजातली माणसेच आली होती.

मात्र इतक्या लांब जाण्याआधी येवल्याला जा. तुमच्याच जिल्ह्यातले हे गाव नाशिकहून सुमारे ८० किलोमीटरवर आहे आणि पैठणीचे माग तिथे घराघरांत चालू आहेत. तिथे कुणी जुना पोशाख घालून बसलेले नाही. ती माणसे आपले पोट भरत असतात, त्यामुळे आधी फोन करा, त्यांच्या वेळेचे पैसे देऊ करा आणि मुलीला मागाला हात लावू द्या असा आग्रह धरू नका. कांडी भरायचे, म्हणजे विणायचा धागा छोट्या नळीवर गुंडाळायचे, काम मात्र बहुतेक घरी आनंदाने देतात. रेशमाचा धागा तुटला तर तो कसा सांधतात, हे ती आधी पाहील आणि मग दहा-वीस वेळा करील. परत येताना गाडीत तिच्या बोटांना रेशमाची धार लागलेली असेल. एका साडीला किती कांड्या लागतात, हा हिशेब तिच्याकडून त्याच दिवशी करून घ्या.